ड्रायर फिरत नाही तेव्हा

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन मला सगळ्यात शहाणं वाटतं. साबणाचं तेच पाणी दुसऱ्या खेपेच्या कपड्यांना पुन्हा वापरता येतं. नांदेडलाही उन्हाळ्यात हाच हिशेब. पण या मशीनचा ड्रायर थांबला की लोक थेट मोटर जळाली म्हणून मोकळे होतात. आधी आवाज ऐका. आवाजच नसेल तर प्लग, टायमर आणि झाकणाखालचा स्विच बघा. झाकण नीट बसलं नाही तर मोटरला वीजच मिळत नाही. मोटर घूं-घूं करते पण टब हलत नाही? मग प्लग काढून टब हाताने फिरवा. जड लागला तर खाली मोजा किंवा रुमाल अडकलाय, नाहीतर ब्रेकची तार सैल पडून ब्रेक सुटत नाही. मोकळा फिरला तर संशय कपॅसिटरवर. मोटरच्या मानाने तो फार स्वस्त असतो, पण प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते, म्हणून तो मेकॅनिकलाच बदलू द्या. आणि जुना काढलेला कपॅसिटर त्याच्याकडून हक्काने मागून घ्या.