प्रोसिजर हलवली, पण चालते का?

डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं काम नेहमी शनिवारी रात्रीच का निघतं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. असो. मुद्दा वेगळा आहे. स्टोअर्ड प्रोसिजर हलवताना एरर आली की आपण वैतागतो. माझं म्हणणं उलट आहे. तेव्हाच आलेली एरर ही कृपा समजा. खरी भीती न आलेल्या एररची!

एसक्यूएल सर्व्हरचंच बघा. प्रोसिजरमधलं टेबल नव्या डेटाबेसमध्ये नसलं तरी तो ती मुकाट्याने तयार करून घेतो. ह्याला ‘डिफर्ड नेम रिझोल्यूशन’ म्हणतात. पुढे कधीतरी ती ओळ चालते आणि मग ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’, एरर २०८. कोलेशनचंही तसंच. टेम्प टेबल टेम्पडीबीचं कोलेशन घेतं, डेटाबेस स्वतःचं जुनंच घेऊन आलेला असतो. दोघांची तुलना झाली की एरर ४६८.

मायएसक्यूएलची तऱ्हा आणखी निराळी. मायएसक्यूएलडम्पला ‘रूटीन्स’चा पर्याय दिला नाही, तर ट्रिगर्स येतात, पण प्रोसिजर्स येतच नाहीत. आल्या तरी जुना ‘डिफायनर’ सोबत आणतात. तो युजर नव्या घरी नसला की प्रोसिजर चालवताना एरर १४४९. ओरॅकल त्यातल्या त्यात प्रामाणिक. कम्पाइल न झालेल्या प्रोसिजरवर ‘इनव्हॅलिड’ असा शिक्का मारून ठेवतो, निदान शोधता तरी येते.

आता महिन्यातून एकदाच चालणारी पगाराची प्रोसिजर डोळ्यांसमोर आणा. रविवारी सकाळी सगळं हिरवंगार, अभिनंदनाच्या मेल्स फिरल्या. महिनाअखेरीला अकाउंट्समधला माणूस बटण दाबतो आणि एरर त्याच्या स्क्रीनवर येते. त्याचा मायग्रेशनशी संबंध काय? पण शिव्या तोच खाणार.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून डिपेन्डन्सी दाखवणारा व्ह्यू आहे, तो जरूर बघा. पण डायनॅमिक एसक्यूएलमध्ये दडलेलं टेबल त्यालाही दिसत नाही. म्हणून मला वाटतं, प्रत्येक प्रोसिजर नव्या सर्व्हरच्या चाचणी प्रतीवर, खऱ्यासारख्या डेटावर चालवून बघायचे तास प्लॅनमध्ये धरलेच पाहिजेत. मॅनेजर म्हणेल, “एवढा वेळ कुठंय?” त्याला शांतपणे विचारा, पगाराच्या दिवशी असेल का?