पालकाला हद्दपार करण्याआधी

मुतखड्याचं निदान झालं की आपल्या घरांत पहिली कुऱ्हाड पालकावर पडते, दुसरी टोमॅटोवर आणि तिसरी दूध-दह्यावर. यातला पहिला निर्णय अर्धाच बरोबर आहे, दुसरा अनाठायी आहे आणि तिसरा तर सरळ उलटा. टोमॅटोत खडा बनवणारं ऑक्झलेट अगदी नगण्य असतं. त्याची बी पचली नाही तर शौचावाटे निघून जाते, मूत्रपिंडाकडे जायला तिला वाटच नाही. पालकाची गोष्ट वेगळी. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात कित्येक शे मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं आणि त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळणारं, म्हणजे आतड्यातून रक्तात शिरू शकणारं असतं. घशाला खाजवतो म्हणून आपण अळूला भितो. पण ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या न विरघळणाऱ्या सुयांची, आणि त्या सहसा रक्तात शोषल्या जात नाहीत. तोंडाला मऊ लागणारा पालकच या बाबतीत अधिक सांभाळून खावा लागतो.

दूध बंद करण्यामागचं तर्कशास्त्र वरवर चोख दिसतं: बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे, मग कॅल्शियमच तोडा. पण या दोघांची गाठ आतड्यातच पडली तर त्यांचा न विरघळणारा क्षार होतो आणि तो मळावाटे बाहेर पडतो. जेवणात कॅल्शियमच नसेल तर ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात जातं आणि लघवीत उतरतं. 1993 साली अमेरिकेत पंचेचाळीस हजारांवर पुरुषांच्या पाहणीत, आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झालेले आढळले. 2002 साली इटलीतल्या प्रयोगात, वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांपैकी निम्म्यांचं कॅल्शियम कमी केलं, उरलेल्यांचं नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार आवरला. पाच वर्षांत पहिल्या गटात 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात 12 जणांना. (पालक सोडून लोणचं-पापड चालू ठेवणाऱ्यांनी यातला मिठाचा भाग पुन्हा वाचावा.)

ताकातली चाकवत किंवा पालकाची पातळ भाजी या हिशेबात चपखल बसते, कारण ताकातलं कॅल्शियम त्याच घासाबरोबर आतड्यात पोचतं. पालक-पनीरवर आक्षेप असा की पालकामुळे पनीरचं कॅल्शियम वाया जातं. काही अंशी जातं, खरं आहे. हाडांच्या दृष्टीने तो तोटा. पण खडा होणाऱ्याला हाच सौदा फायद्याचा. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झलेट बरंच उतरतं. त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ही खटपट खडा होणाऱ्यांसाठी. निरोगी माणसाने आठवड्यातून एकदा-दोनदा पालक खाताना ती करायची गरज नाही. मात्र रोज सकाळी पेलाभर कच्च्या पालकाचा रस पिण्याच्या फॅशनला हा बचाव लागू होत नाही; अशा रसांनी मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

खडा पडलाच तर तो फेकून न देता प्रयोगशाळेत तपासून घ्या. युरिक ॲसिडचा निघाला तर त्या खड्यासाठी पालक सोडायचं काही कारणच नाही.