बियाणं की हात?

मृग जवळ आला की कृषी केंद्रांपुढे रांगा लागतात. ठरावीक वाणच पाहिजे, मग भाव काही का असेना!

वाण महत्त्वाचा नाही, असं कोण म्हणतंय? पण आपल्या कापसाचंच बघा. २००२ मध्ये बीटी आलं, २००६ मध्ये बोलगार्ड-२. आपण निर्धास्त झालो. पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं यायचं. अळीला बीटी पचू नये म्हणून ते कडेनं लावायचं होतं. किती जणांनी लावलं? वर पाणी आहे म्हणून फरदड ठेवली, अळीची वर्षभराची सोय झाली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातली बोंडं पोखरली. महागाचं बियाणं होतं, तरी!

दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पाकीट विकायला सगळे होते, सोबतची पुडी कशासाठी हे बांधावर येऊन सांगणारे फार थोडे.

म्हणून यंदा रांगेत उभं राहण्याआधी ठरवा: कामगंध सापळे लावायचे, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटायची. एकट्यानं नाही, अख्ख्या शिवारानं. आणि कृषी खात्याला विचारा, आमच्या गावात शेतीशाळा कधी?