संकेतस्थळे नव्याने बांधताना डोंगरातला मोबाइलही विचारात घ्यावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मार्फत : मा. तहसीलदार, जुन्नर व आंबेगाव (घोडेगाव)

विषय : शासकीय कार्यालयांच्या संकेतस्थळांची नव्या प्रणालीवर फेरबांधणी करताना करावयाच्या सुधारणांबाबत.

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने हाती घेतलेल्या १०० दिवसांच्या सात कलमी आराखड्यात संकेतस्थळ हे एक कलम होते. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या संकेतस्थळ-प्रणालीवर आलेली आहेत. बाकीचीही यावीत, स्वागतच आहे. मात्र मुखपृष्ठ बदलून आत तेच स्कॅन केलेले कागद भरणार असाल, तर आमची घोडेगावची खेप काही चुकत नाही.

आमच्यापैकी एकाने एका कार्यालयाची लाभार्थी यादी शोधली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला रेंज येते ती टेकाडावर. तिथे उभे राहून फाइल उतरवली, तर पाने आडवी आणि शिक्का नेमका नावांवर. आडनाव टाकून शोधले तर काहीच सापडेना, कारण पान म्हणजे नुसता फोटो. दुसरी फाइल जुन्या फॉन्टमधली. मोबाइलवर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा चिवडा. शेवटी एसटी धरली आणि दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून मागणी अशी, की याद्या, आदेश, अर्ज युनिकोड मराठीत, शोधता येतील असे द्यावेत. सही-शिक्क्याची प्रत हवी तर सोबत जोडावी. प्रत्येक पानावर जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम व अद्ययावत केल्याची तारीख असावी. सीएमएस (मजकूर व्यवस्थापन प्रणाली) घ्यायची ती कार्यालयातल्या लिपिकालाच मजकूर बदलता यावा म्हणून. त्यासाठी ठेकेदाराला फोन करावा लागत असेल तर खर्च वायाच म्हणायचा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मधील १७ बाबी दरवर्षी अद्ययावत करणे बंधनकारक आहे, त्याची आठवण प्रणालीनेच द्यावी. ग्रामपंचायतीच्या फलकावरच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंक नव्या पानावर वळवाव्यात. अंध नागरिकांना वाचन-सॉफ्टवेअरवर पाने ऐकता यावीत; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही मेहेरबानी राहिलेली नाही.

एक मुद्दा जिवाचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर दरड कोसळली, दीडशेहून अधिक माणसे गेली. दरडीचा इशारा सरकत्या पट्टीत नको. तो मुखपृष्ठावर ठळक, स्थिर अक्षरांत हवा. बिबट्या दिसल्यास कळवायचा वनविभागाचा क्रमांकही तिथेच, मान्यवरांच्या छायाचित्रांच्या वर असावा.

नव्या पानांची चाचणी पुण्यातल्या वायफायवर न घेता एक दिवस जुन्नरला आणि एक दिवस घोडेगावला घ्यावी. मोबाइल आम्ही आमचेच आणू. ती होईपर्यंत जुनी संकेतस्थळे बंद करू नयेत, ही विनंती.

आपले विश्वासू,
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे.)