बापानं जात चोरली म्हणता?

रहस्यकादंबरीत बाप मेला की पोराला ट्रंक सापडते. ट्रंकेत जुना फोटो, अर्धं पत्र, अनोळखी बाईचं नाव. पोरगा माग काढत निघतो आन् शेवटच्या पानावर बापाचं गुपित फुटतं. एकट्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. चाळीचाळीत लोकांनी त्या भाड्यानं आणून वाचल्या. वाचा की, आमची ना नाही.

पण आमच्या बापाच्या गुपितावर कुणी पुस्तक लिहायला बसला, तर त्याला आधीच बजावतो : बाबा रे, तुझा गुन्हेगार चुकणार.

आमच्या बापांनी लपवलं काय? खून नाही, दुसरी बाई नाही, पुरलेला हंडा नाही. आडनाव लपवलं. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. जास्त पगार नेमका त्याच खात्यात. एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनाही यात वावगं वाटत नव्हतं. 1928 च्या संपात बाबासाहेबांना हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं रेटून मांडावा लागला. अशा जागी पोटासाठी कुणी जात सांगितली नाही, तर त्यानं कुणाचं काय लुटलं?

बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ 1963 साली आलं. त्या नावातला शब्द बघा. चोरली! जात न सांगणारा आपल्या भाषेत चोर. जात विचारणाऱ्याला मात्र या भाषेत साधी शिवीसुद्धा नाही.

खरा लपवणारा बघायचा तर शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ वाचा. 1984 चं पुस्तक. बाप पाटील, आई महार. गावाला सगळं ठाऊक. डिटेक्टिवला तिथं काम काय? पोराला नाव द्यायला बाप तयार नाही, एवढंच ते रहस्य. त्या बापाला कुणी चोर म्हटलं?

हे जुनं झालं म्हणता? चाकणला या. मराठवाडा-विदर्भातली पोरं कंपनीत लागतात, खोली शोधत फिरतात. कितीतरी दारांत डिपॉझिटच्या आधी आडनाव विचारतात. पोरगं गावाचं नाव सांगतं, आडनाव गिळतं. उद्या त्याच्या पोराला सापडायची ट्रंक आज इथं भरली जातीय.

आणि सरकारी थट्टा ऐका. बापानं जन्मभर जे लपवलं, तेच तो मेल्यावर पोरानं सिद्ध करायचं. जात पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. मग पोरगं खरोखरचं डिटेक्टिव होतं. आज्याचा शाळेचा उतारा काढ, कोतवाल बुक हुडक, तहसीलच्या खिडकीवर दिवस घालव. ज्याला शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्याच्या शाळेचा कागद मागता? आणि कागद नसला तर पुन्हा चोर आम्हीच.

आपल्यातलीच काही शिकलेली पोरं म्हणतात, बाप भेकड होता. त्यांनी चाकणवरून शिक्रापूरच्या रस्त्यानं कोरेगाव भीमाला जावं. 1818 च्या लढाईत पडलेल्यांची नावं तिथल्या स्तंभावर आहेत. त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. उघड्यावर, दगडात कोरलेली. तीच आपली माणसं. लढाईत नाव चाललं, खोलीच्या दारात चालत नाही. मग खोट नावात आहे की दारात?

तेव्हा लेखकहो, लिहा. जरूर लिहा. पण शेवटच्या पानावर मेलेल्या बापाला पिंजऱ्यात उभं करू नका. त्या घरमालकाला उभं करा. त्या जॉबरला उभं करा. धोट्याला तोंड लावू न देणाऱ्या भाऊबंद कामगारालाही उभं करा. आणि एकच विचारा : तुला आडनाव कशाला पाहिजे होतं?