गावाचे पान कोण लिहिणार? – इंदूरहून परतताना

दिवाळीच्या सुट्टीत इंदूरला भाचीकडे आठ दिवस राहून आलो. तिचा मुलगा आठवीत शिकतो. स्टेशनवर उतरताच त्याने विचारले, ‘‘मामाआजोबा, बॅग जड होऊन राहिली का?’’ कानाला हे ‘होऊन राहिली’ प्रथम खटकते, दोन दिवसांनी गोड वाटू लागते आणि चौथ्या दिवशी शिक्षकाचे मन हिशेब मांडू लागते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि वहीत इंग्रजी, असा त्या मुलाचा दिवस जातो.

इंदूर म्हणजे काही परमुलूख नव्हे. होळकरांची ही राजधानी. शहराच्या मध्यभागी राजवाडा अजून उभा आहे. मराठी साहित्य संमेलन तेथे तीन वेळा भरले. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष हे अध्यक्ष होते. आता आपल्या बेळगावचा हिशेब पाहा. येथेही तीनच संमेलने झाली. १९२९ साली शि. म. परांजपे, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० साली य. दि. फडके. म्हणजे २००० साली बेळगावहून उठलेली संमेलनाची पालखी पुढल्याच वर्षी इंदूरला टेकली. आणखी एक योग आहे. १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागात कोणाला सांगावी लागत नाही. त्याच दिवशी आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि त्याच दिवशी इंदूर ज्यात होते ते मध्य भारत राज्य नव्या मध्य प्रदेशात विलीन झाले.

परंतु तेथे मोर्चा निघाला नाही आणि लाठी चालली नाही. मराठीवर तेथे कोणी सक्तीचा वरवंटा फिरवलेला नाही. हिंदी आली ती शेजारणीसारखी हसत आली. १९१७ चे मराठी संमेलन उठले आणि १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन त्याच गावात भरले. १९३५ साली तर दोन्ही भाषांची संमेलने एकाच वर्षी तेथे झाली. माळव्यातल्या मुक्तिबोधांच्या घरात थोरले गजानन माधव हिंदीचे मोठे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे. याला मी ऱ्हास म्हणणार नाही, ती त्या भूमीची श्रीमंती आहे. पण पुढच्या पिढीत काय झाले? २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मातृभाषा मराठी सांगणारे सुमारे बारा लाख लोक आहेत. यांपैकी मराठीत पत्र लिहिणारे किती असतील, हे जनगणना विचारत नाही. एका जुन्या वाचनालयात गेलो असता तेथील वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘‘गुरुजी, वर्गणी येते. वाचणारे येत नाहीत.’’

एका बाबतीत मात्र इंदूरचे मूल आपल्या मुलापेक्षा सुदैवी आहे. हिंदीमुळे देवनागरी त्याच्या डोळ्यांखाली रोज असते. सीमाभागातील जे मूल मराठी शाळा बंद झाल्यामुळे वा पटसंख्येअभावी अन्य माध्यमात जाते, ते घरी अस्सल मराठी बोलते, पण जोडाक्षराशी अडखळते. इंदूरच्या मुलाकडे लिपी आहे, बोली उसनी होत चालली आहे. आपल्या मुलाकडे बोली खणखणीत आहे, लिपी निसटते आहे. दोघांच्याही हाती मोबाईल मात्र सारखाच आहे.

त्या मोबाईलवरूनच या लेखाचा विषय निघाला. शाळेसाठी त्याला इंदूर शहरावर प्रकल्प करावयाचा होता. त्याने विकिपीडिया उघडला. इंग्रजी पान लांबलचक होते, हिंदी पानावरही बरेच काही होते. मी म्हटले, मराठी पान काढ. ते निघाले, पण इंग्रजीच्या मानाने फारच तोकडे. ज्या शहराचे दोनशे वर्षांचे कागद मराठीत आहेत, त्याची मराठीतली ओळख एवढीच? मी लगेच आपल्या सीमाभागातल्या खेड्यांची नावे टंकून पाहिली. काही गावांची पाने दोन-चार ओळींची, काहींची मुळीच नाहीत.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विकिपीडिया हा संगणकाच्या जाळ्यावरील ज्ञानकोश आहे. इंग्रजीत तो जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला आणि मराठीत १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी. तो कोणी पगारी पंडित लिहीत नाहीत, वाचकच लिहितात आणि वाचकच दुरुस्त करतात. ज्ञानकोशकार केतकरांनी १९२० च्या दशकात तेवीस खंड सिद्ध केले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून विश्वकोशाची उभारणी केली. ती कामे डोंगराएवढी आहेत. पण त्या खंडांत येळ्ळूरच्या वा खानापूरच्या एखाद्या शेतकऱ्याला एक ओळ घालण्याची सोय नव्हती. येथे ती आहे. आज मराठीत सुमारे लाखभर पाने झाली आहेत. २०११ ची जनगणना मराठी भाषक आठ कोटी तीस लाख सांगते. तमिळ भाषक याहून कमी, तरी त्यांची पाने आपल्याहून बरीच अधिक आहेत. भाषेला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला, आपण पेढे वाटले. पानांची संख्या पेढ्यांनी वाढत नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी आमच्या गावाचे पान केले होते. शाळेच्या शतक महोत्सवाची स्मरणिका समोर घेतली, जुन्या मुख्याध्यापकांचा गावावरील लेख जसाच्या तसा उतरवून काढला, शेवटी समितीच्या मागण्या आणि दोन घोषणा जोडल्या. फार समाधान वाटले. चार दिवसांत पान उडाले. माझा पहिला संशय कोणावर गेला असेल ते सीमाभागातील वाचकांना सांगावयास नको. पुढे थोड्या शांतपणे कारण वाचले. पान काढणारा माणूस मराठीच होता आणि त्याचे म्हणणे बिनचूक होते. दुसऱ्याचा लेख परवानगीवाचून उतरवता येत नाही, कारण आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांचा असतो. आणि ज्ञानकोशाचे पान म्हणजे मोर्चाचा फलक नव्हे. बी. एड. होऊन तीस वर्षे मुलांना ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणणारा मी, स्वतः मात्र कॉपी करताना सापडलो!

दुसऱ्या खेपेस मुकाट्याने धूळपाटीवर बसलो. मराठी विकिपीडियावर सरावाच्या जागेला हेच नाव दिले आहे. गप्पांच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात. ही नावे ज्याने ठेवली त्याला एकदा घरी जेवायला बोलवावेसे वाटते.

पहिल्याच वाक्याशी गाडी अडली. ‘हे गाव कर्नाटक राज्यातील बेळगाव जिल्ह्यात आहे’ असे लिहावयाचे की नाही? समितीच्या बैठकीत मी हा प्रश्न काढला तेव्हा दोन सहकारी उठून गेले. त्यांचा संताप मला समजतो. ज्यांनी १९५६ पासून आयुष्ये घातली त्यांच्या घरातला मी आहे. तरीही माझे मत मी येथे स्पष्ट मांडतो. आजचा कारभार कोणत्या राज्याचा, ही वस्तुस्थिती आहे. ती लिहिल्याने दावा सुटत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात जो दावा दाखल केला, त्यातही गावे आज कोठे आहेत हे सांगितल्याशिवाय ती मागता येत नाहीत. म्हणून पहिल्या वाक्यात कारभार लिहावा आणि पुढे ‘सीमाप्रश्न’ असा वेगळा परिच्छेद करावा. १९६६ साली नेमलेला महाजन आयोग, त्याचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्राने तो का नाकारला, आठशे पासष्ट गावांची मागणी, २००४ चा दावा, हे सर्व पुराव्यासह द्यावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही द्यावे. ते न दिल्यास पान टिकत नाही, आणि खरे तर टिकूही नये.

गावाच्या नावाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. मराठी पुस्तकांत, मराठी दैनिकांत आणि मराठी माणसाच्या तोंडी असलेले नाव मराठी पानाला शीर्षक म्हणून द्यावे, सरकारी नाव पहिल्या ओळीत नोंदवावे. खेड्यांच्या बाबतीत तर हे फारच निकडीचे आहे. एसटीच्या पाटीवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे आणि आजीच्या तोंडी तिसरे, अशी कित्येक गावे मला माहीत आहेत. तिन्ही नोंदवा. आजीच्या तोंडचे नाव ज्या दिवशी कोणी उच्चारणार नाही, त्या दिवशी ते कोठे शोधावयाचे?

मग पुरावा कोठून आणावा, असे तरुण विचारतात. गावातच आहे. १८८४ साली छापलेला मुंबई इलाख्याचा बेळगाव गॅझेटियर आहे, त्यावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय लोकसंख्या आहे. देवळाच्या पायरीवरचा शिलालेख, विहिरीवरचा दगड, शाळेचे पहिले दाखलपत्रक, या दैनिकाचे जुने अंक, सर्व कामाचे आहे. छायाचित्र मात्र स्वतः काढलेले हवे, कोठून तरी उचललेले चालत नाही. ‘आमचे गाव निसर्गरम्य असून लोक प्रेमळ आहेत’ हे वाक्य टाळावे. प्रत्येक गावाचे लोक प्रेमळच असतात. त्याऐवजी तळे कोणत्या दिशेला, पेरणी कशाची, यात्रा कोणत्या तिथीला, शाळा कोणत्या साली निघाली व आज तिचा पट किती, हे लिहावे. शेवटच्या बाबीसाठी तर मी हात जोडून विनंती करीन. मराठी शाळा एकेक करून मिटत असताना तिच्या स्थापनेचे साल कोठेतरी पुराव्यासह उभे असणे फार गरजेचे आहे.

यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचा मोह सध्या वाढला आहे. इंग्रजी पान घातले की क्षणात मराठी बाहेर पडते. ते मराठी कसे असते हे पाहावयाचे असल्यास कोणत्याही औषधाच्या खोक्यातला कागद वाचावा. आणि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज प्रश्नाला उत्तर देणारी जी यंत्रे निघाली आहेत, ती जाळ्यावर लिहिलेल्या मजकुरावरच शिकतात. आपल्या गावाबद्दल आपण काही लिहिले नाही, तर ती दुसऱ्याने लिहिलेले सांगतील, किंवा मनाचे काहीतरी बनवून सांगतील.

पान करणे सोपे, वाढवणे अवघड. आपल्याकडे उद्‌घाटनाला दोनशे माणसे असतात आणि वर्षाने कुलूप उघडायला कोणी नसतो. पानाचेही तसेच आहे. पंचायत बदलते, रस्ता बदलतो, कोणी खोडसाळपणे काहीबाही लिहून जातो. तेथे प्रत्येक बदलाचा इतिहास जपलेला असतो आणि पूर्वीची प्रत परत आणता येते, पण ती आणणारा जागा हवा. आम्ही गावात दोन माणसे नेमली आहेत, एक दहावी झालेली मुलगी व एक निवृत्त पोस्टमन. मुलगी टंकते, पोस्टमनला गावातील प्रत्येक घराचा इतिहास तोंडपाठ आहे. महिन्यातून एका रविवारी दोघे शाळेत बसतात. त्यांच्यामुळे पान सहा ओळींवरून पाच परिच्छेदांवर आले. पुण्याच्या एका अनोळखी माणसाने शुद्धलेखन तपासून दिले. कन्नड विकिपीडियावरही आमच्या गावाचे छोटे पान आहे, ते कोणी केले ते मला ठाऊक नाही. दोन्ही पाने एकमेकांना जोडलेली आहेत, एकावरून दुसऱ्यावर जाता येते. तेथे शाळेच्या स्थापनेचे साल चुकले होते. आमच्या पोस्टमनने, ज्यांना कन्नड उत्तम येते, पुराव्यासह दुरुस्त केले. ते साल आजही तसेच आहे, कोणी बदलले नाही.

इंदूरहून निघण्याच्या आदल्या दिवशी भाचीच्या मुलाला घेऊन देवासला गेलो. कुमार गंधर्व १९४८ पासून तेथे राहिले. त्यांचा जन्म १९२४ सालचा, आपल्या बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा, घर कन्नड. माळव्याची लोकगीते त्यांनी गायली आणि मराठी माणसाने त्यांना आपले मानले. हे मुलाला सांगितले तेव्हा त्याने लगेच विचारले, ‘‘सुळेभावीचे मराठी पान आहे का?’’ मी म्हटले, तूच पाहा. रात्री जेवणानंतर त्याने मोबाईल हाती घेतला आणि इंदूरच्या पानावर राजवाड्याविषयी एक वाक्य घातले. ‘मल्हारराव होळकरांनी हा वाडा बांधून राहिले’ असे त्याने लिहिले होते. मी फक्त ‘बांधला’ एवढी दुरुस्ती सुचवली आणि पुरावा कोणता देणार ते विचारले. तो उठून आईच्या कपाटातले पुस्तक शोधू लागला.

आमच्या गावाच्या पानावर विहिरीचा परिच्छेद अजून अर्धा आहे. दगडावरचा शक झिजला आहे, शेवटचा आकडा सात की एक हे लागत नाही. येत्या रविवारी चुना लावून ठसा घेणार आहोत. आसपासच्या गावांतील ज्यांना हे काम शिकावयाचे असेल त्यांनी सकाळी दहा वाजता शाळेत यावे. येताना आपल्या शाळेची स्मरणिका आणावी, उतरवून काढण्यासाठी नव्हे, सालांसाठी.