व्हिडिओ गेमसारखी पात्रे!

गेल्या वर्षी माझ्या एका कादंबरीचे परीक्षण एका नियतकालिकात आले. परीक्षणकर्ते विद्वान आहेत. त्यांचे नाव घेऊन त्यांना आणखी मोठे करण्याची माझी इच्छा नाही. चार रकान्यांत त्यांनी माझी भाषा, माझे कथानक आणि माझा शेवट यांची यथास्थित विल्हेवाट लावली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी शाळामास्तर, तांबडी शाई मला परकी नाही. परंतु अखेरीस त्यांनी लिहिले की, यातली पात्रे माणसे नसून व्हिडिओ गेममधली पात्रे आहेत. इथे मात्र मी चष्मा काढून पुसला आणि वाक्य पुन्हा वाचले. जी वस्तू यांनी शिवी म्हणून फेकली ती आयुष्यात एकदा तरी यांच्या हाताखालून गेली असेल काय?

माझ्या हाताखालून गेली आहे. ‘स्ट्रीट फायटर २’ हा खेळ जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली बाहेर आणला. आमच्या गावी बसस्टँडमागच्या पार्लरात तो यायला आणखी दोनतीन वर्षे लागली. मी तेव्हा हायस्कुलात होतो. लाकडी पेटी, त्यात काचेमागे पडदा, पुढे एक दांडी आणि सहा बटणे: तीन ठोशांची, तीन लाथांची, हलके, मध्यम आणि जोराचे. समोरासमोर दोन योद्धे, वर दोघांच्या लाइफच्या पट्ट्या, मध्ये नव्व्याण्णवपासून उतरत जाणारे घड्याळ. तीनपैकी दोन डाव जिंकणारा उभा राहतो. हरणाऱ्याने पुन्हा रुपया टाकावा नाही तर बाजूला सरावे. बस्स, एवढाच खेळ. या एवढ्याशा खेळात आठ पात्रे होती, आणि त्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे.

झांगीफ नावाचा सोव्हिएत पहिलवान घ्या. (ज्या साली हा खेळ निघाला त्याच सालच्या डिसेंबरात त्याचा देश नकाशावरून गेला; पण तो बिचारा अजून त्याच लंगोटावर उभा आहे.) त्याला लांबून काही फेकता येत नाही. त्याचे सारे बळ मिठीत. दांडी पूर्ण गोल फिरवून ठोसा दाबला की तो प्रतिस्पर्ध्याला उचलतो, हवेत गरगरा फिरवतो आणि डोक्यावर आपटतो. पण त्यासाठी आधी जवळ पोचायला हवे, आणि पोचेपर्यंत समोरचा त्याला सोलून काढतो. म्हणजे हे पात्र काय आहे? ज्याला मिठीत घ्यायचे त्याच्याकडे मार खात खात जाणारा माणूस. उलट गाईल हा अमेरिकन शिपाई. दांडी मागे धरून क्षणभर थांबला की त्याला पुढे वार सोडता येतो. खाली धरून थांबला की वरची लाथ. म्हणून तो बसून राहतो, वाट पाहतो, आणि तुमची चूक झाली की मारतो. हे त्यांचे स्वभाव कोणी संवादांतून सांगत नाही. ते दांडीत आहेत. पाचच मिनिटे गाईल खेळून पाहा. तुमच्या खांद्यांना त्याचा स्वभाव कळतो.

आता मला सांगा, आपल्या किती कादंबऱ्यांतल्या नायकांविषयी असे म्हणता येईल? शेतकऱ्याला मुंडासे बांधून दिले, तोंडात दोन ग्रामीण शब्द घातले, की झाले पात्र. तो काय करू शकतो आणि काय केल्या करू शकणार नाही, हे लेखकाला तरी ठाऊक असते का?

इथे कोणी म्हणेल, मास्तर, बालपणीच्या वस्तूवर सर्वांचेच प्रेम असते. माझ्या पिढीतले पुष्कळ गृहस्थ हल्ली या खेळांच्या आठवणीने गहिवरतात आणि त्यानंतर जगात काही चांगले निर्माणच झाले नाही असे सांगत सुटतात. त्यांच्या पंगतीत मला बसवू नका. या खेळात दोष ढीगभर आहेत.

पहिला म्हणजे गाईल, ज्याची मी आत्ताच स्तुती केली. तो भलताच वरचढ आहे. नीट बसता येणाऱ्या मुलाने गाईल घेतला की समोरच्याचा रुपया गेलाच म्हणून समजा. दुसरा दोष याहून संतापजनक: यंत्राची लबाडी. गाईलला थांबल्याशिवाय वार सोडता येत नाही हा नियम तुम्हाला आणि मला. यंत्र स्वतः गाईल खेळते तेव्हा चालत पुढे येते आणि चालता चालताच ती लाथ हाणते! ज्याने नियम केले त्याने ते पाळू नयेत, ही गोष्ट मी वर्गात कोणाला करू देणार नाही. तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता, आता कळतो. ती पेटी मुळात रुपये गोळा करण्यासाठी होती. दोन मुले एकमेकांशी खेळत तेव्हा ती निःपक्षपाती पंच; एकट्या मुलाशी मात्र ती दुकानदारासारखी वागे. आणि नव्या आवृत्त्या काढण्याची हाव तर विचारूच नका: १९९१ ते १९९४ या चार वर्षांत एकाच खेळाच्या पाच आवृत्त्या. पहिल्या आवृत्तीत दोघांना एकच योद्धा घेता येत नसे; ती सोय १९९२ साली केली, आणि ती योग्यच होती. पुढच्या सगळ्या तितक्या गरजेच्या होत्या, असे मी म्हणणार नाही.

या खेळाची सर्वांत मोठी लाज मात्र निराळी आहे, आणि तिचा संबंध आपल्याशी आहे. आठांत एक भारतीय आहे. नाव धालसिम, हे नाव कोणत्या भारतीय भाषेतले, हे मला कोणी सांगू शकलेले नाही. हाडांचा सापळा, गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि तिला नाव ‘योगा फायर’. मागे हत्ती चीत्कारताहेत. ब्राझीलचा म्हणून हिरवा वनमानुष आणि भारताचा म्हणून हा. सहलीच्या छापील पत्रकावरून जग रंगवले की असेच होणार. आम्ही मुले तेव्हा हसलो होतो. शिवाय तो कोणी घेत नसे. एक तर तो हळू, आणि दुसरे म्हणजे काळा नि हडकुळा. यातले कोणते कारण खरे होते, याचा विचार मला आज करवत नाही.

पण मी एका उन्हाळ्यात तो घेतला, कारण गर्दीत तेवढाच मोकळा होता. त्याचे हातपाय लांबतात. अर्ध्या पडद्यापलीकडून तो माणसाला टोचतो. जवळ येऊ दिले तर तो संपला. लांब ठेवला तर समोरच्याची तडफड बघावी. इतर सात जण ठोशालाथांचा खेळ खेळतात, हा एकटा अंतराचा खेळ खेळतो. याला संयम लागतो, नजर लागते, आणि समोरचा पुढच्या क्षणी काय करील याचा अंदाज लागतो. ज्यांनी त्याला कवट्या घातल्या त्यांनीच त्याला पटावरची सर्वांत स्वतंत्र बुद्धी दिली. वेषात अपमान आणि चालीत सन्मान! हा तिढा मला अजून सुटलेला नाही, आणि या खेळाची केवळ स्तुती किंवा केवळ निंदा करणाऱ्यांचे मी ऐकत नाही, ते याचमुळे.

चालीला एवढे महत्त्व का, तेही सांगतो. पार्लरात पुढे एक चोरटी आवृत्ती आली. तीत सगळ्यांना हवेतून आगीचे गोळे सोडता येत, आणि लढता लढता बटण दाबून योद्धाच बदलता येई. पहिला आठवडा आम्ही वेडे झालो. महिन्याभरात तिच्यापुढे कोणी उभे राहीना. सगळ्यांना सगळे येते म्हटल्यावर कोण कोणाशी लढतो आहे, हे कळायचे तरी कशावरून?

याच्या बरोबर उलट उदाहरण मूळ खेळातच आहे. एका ठोशाला दुसरा जोडला की मधे समोरच्याला सुटता येत नाही, ही जी ‘कॉम्बो’ची युक्ती पुढे या जातीच्या सर्व खेळांचा प्राण झाली, ती कोणी योजलेलीच नव्हती. खेळ तपासताना ती निर्मात्यांच्या ध्यानात आली. फार अवघड आहे, कोणाला जमणार नाही, म्हणून त्यांनी तशीच राहू दिली. मुलांनी ती शोधून काढली. आमच्याकडे कुठेच काही लिहिलेले नव्हते. एकाने दुसऱ्याला दाखवावे, तेही एखादे भजे खाऊ घातल्यावर. आपल्या लिखाणात वाचकाने शोधावे असे काही चुकून राहून गेले, तर आपण दुसऱ्या आवृत्तीत ते दुरुस्त करून टाकतो.

आता परीक्षणकर्त्यांकडे वळतो. त्यांच्या आक्षेपानंतर मी माझी कादंबरी पुन्हा उघडली. तिच्यातला सावकार वाचला. टोपी बरोबर, हिशेबाची वही बरोबर, खोकलासुद्धा बरोबर. पण त्याला एकही चाल नाही. तो काय करणार, हे मला तिसऱ्या पानावरच ठाऊक होते, आणि वाचकालाही. तेव्हा महाराज, तुमचा आक्षेप अर्धा मान्य. पात्र फसले आहे. पण ते व्हिडिओ गेममधल्या पात्रासारखे आहे म्हणून नव्हे. तसे ते झाले असते तर मी पेढे वाटले असते.

माझ्या घरी तो जुना खेळ अजून चालतो. दिवाळीच्या सुट्टीत या. फराळ आमच्याकडे. पाहुणे म्हणून पहिली निवड तुमची. फक्त गाईल घ्यायचा नाही. मी धालसिम घेईन.